मेलेल्या गॉगचा डेमन आणि भातवडीचा चिखल

‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ हा गेम १९९९चा. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या बहुतेकांपेक्षा वयानं मोठा! तरी जुन्या लॅपटॉपवर तो अजून झकास चालतो आणि त्यातला ‘इन्फर्नो’ हा राक्षसांचा पक्ष अजून डोकं खातो.

नवखा खेळाडू इन्फर्नो घेतो आणि आर्च डेव्हिलसाठी सोनं साठवत बसतो. तोवर समोरचा दारात. जाणकाराची नजर मात्र पिट लॉर्डवर असते. लढाईत आपले जे सैनिक पडले, त्यांच्यातून पिट लॉर्ड डेमन उभे करतो. लढाई जिंकली की ते डेमन कायमचे आपले.

आता गणित बघा. एका डेमनची हेल्थ ३५ आणि एक पिट लॉर्ड पेलतो ५०. म्हणजे १० पिट लॉर्ड असतील तर जास्तीत जास्त १४ डेमन. गॉगची हेल्थ १३, म्हणून एका डेमनमागे ३ गॉग जातात. इम्पची हेल्थ फक्त ४, तिथं एका डेमनला ९ इम्प लागतात.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पिट लॉर्डची एक तुकडी एका लढाईत एकदाच डेमन उठवते, म्हणून त्यांच्या दोन तुकड्या करा. सैन्याच्या ७ जागांपैकी एक डेमनसाठी मोकळी ठेवा. आणि शत्रूचा शेवटचा गडी घाईनं मारू नका. लढाई संपली की उठवायला कुणी उरत नाही.

पण थांबा. ३ गॉगची किंमत ३७५ सोनं, डेमनची २५०. मग मुद्दाम गॉग मारणं हा तोट्याचाच धंदा की! आठवड्याला मुळात ४च डेमन मिळतात, त्यामुळे अडीनडीला तो परवडतो. खरा फायदा मात्र जे तसेही पडणारच होते, त्यांच्यातून काही वाचवण्यात आहे.

स्क्रीनवरून नजर काढून आता आपल्याच जिल्ह्यातली एक लढाई बघू. नगरजवळचं भातवडी, साल १६२४. एका बाजूला मुघल आणि आदिलशाहीची एकत्र फौज, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा मलिक अंबर. संख्येत तो कमी. त्यानं माणसं खर्ची घालून बरोबरी साधायचा नाद केला नाही. तलावाचा बांध फोडला, शत्रूच्या छावणीभोवती पाणी नि चिखल करून ठेवला, रसद तोडली, रात्रीचे छापे घातले. अडकलेली फौज आधी खचली, मग हरली.

एवढं करूनही विजय फुकटात आला नाही. निजामशाहीकडून लढताना शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी भोसले इथं पडले. भातवडीत त्यांची समाधी आहे.

गेममध्ये पडलेला गॉग पुढच्या चालीला डेमन होऊन उठतो, म्हणून आपण त्याला बिनधास्त पुढं ढकलतो. मलिक अंबरकडे पिट लॉर्ड नव्हता. गेलेला माणूस गेलाच, हे धरूनच त्याला प्रत्येक चाल करावी लागली. पुढच्या वेळी इन्फर्नो घ्याल तेव्हा एक डाव असाही खेळून बघा: एकही डेमन न उठवता, कमीत कमी गडी गमावून. अवघड जाईल, पण नकाशा वाचायला शिकाल.