क्विटोचा रोपवे: चढणं सोपं, उंची तीच

इक्वेडोरची राजधानी क्विटो २,८५० मीटरवर वसली आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं; हे शहर त्याच्याही माथ्यापेक्षा बाराशे मीटर वर. शहराच्या पश्चिमेला पिचिंचा ज्वालामुखी उभा आहे आणि त्याच्या उतारावर २००५ पासून ‘तेलेफेरिको’ हा रोपवे चालतो. खालचं स्टेशन साधारण ३,१०० मीटरवर, वरचं, क्रूस लोमा नावाच्या टेकाडावरचं, ३,९५० मीटरच्या आसपास. मधलं अडीच किलोमीटरचं अंतर सहा जणांच्या ट्रॉलीतून पंधरा-वीस मिनिटांत संपतं. या चढाईत पायांना काहीच करावं लागत नाही, आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

‘वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं,’ असं सगळेच म्हणतात. प्रमाण कमी नसतं. समुद्रकाठी असतो तसाच तो वरही २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. चार हजार मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के उरतो, म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर छातीत जाणारा ऑक्सिजनही तेवढाच घटतो. शरीर आधी श्वास आणि ठोके वाढवून ही तूट भरून काढू पाहतं. खरं जुळवून घ्यायला त्याला काही दिवस लागतात, मिनिटं पुरत नाहीत.

उंचीबद्दलचा सर्वांत घातक समज असा: ‘मी रोज व्यायाम करतो, सह्याद्रीत ट्रेक करतो, मला काही होणार नाही.’ उंचीचा त्रास कोणाला होईल हे तंदुरुस्तीवरून ठरत नाही. उलट दमदार तरुण मंडळी वर पोहोचताच भराभर चालू लागतात आणि बऱ्याचदा तीच आडवी होतात. तुम्ही किती झपाट्याने उंची गाठली आणि आधीच्या रात्री कुठे झोपला होता, याला जास्त महत्त्व आहे. मुंबईहून लांबचा प्रवास करून काल क्विटोत उतरलेल्या माणसाने आज सकाळी रोपवे धरू नये. दोन दिवस शहरात काढावेत, मग जावं.

वर उतरल्यावर लागणारी धाप आणि डोकं हलकं होणं हा त्रास लगेचचा. थांबलं, बसलं की बहुधा ओसरतो. उंचीचा आजार म्हणतात तो निराळा. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही त्याची लक्षणं सहसा सहा ते बारा तासांनी दिसतात. म्हणून ‘वर तासभर काही झालं नाही’ याचा अर्थ धोका टळला असा होत नाही. बसल्याजागी धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर वाट न पाहता खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. औषधांआधीचा उपाय म्हणजे उतरणं.

लडाखला जाताना आपल्याकडचे कितीतरी जण कापराची पुडी बरोबर नेतात. कापराच्या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. पोटात गेला तर कापूर विषारी असतो, त्यामुळे लहान मुलं बरोबर असताना तो खिशात बाळगणंही नको. दक्षिण अमेरिकेत कापराच्या जागी कोकाच्या पानांचा चहा येतो. तो उंचीचा आजार रोखतो असं ठोसपणे सिद्ध झालेलं नाही. शिवाय भारतात कोकाची पानं अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात, तेव्हा आठवण म्हणून पाकीट बॅगेत टाकू नका.

महाराष्ट्राच्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. विदर्भात, त्यातही गडचिरोलीत, आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच कुटुंबांत आढळतो. हा आजार असणाऱ्यांना अशी उंची धोक्याची आहेच. पण एरवी धडधाकट असलेल्या वाहकांच्याही प्लीहेला उंचीवर रक्तपुरवठा तुटून इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वाहक असाल, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार असेल, गरोदर असाल, तर तिकिटं काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.

‘विषुववृत्तावरचं शहर, तिथे स्वेटर कशाला?’ किलोमीटरभर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. क्विटोत पंधरा अंश असतील तर क्रूस लोमावर सात-आठ, आणि वाऱ्याची बोचरी थंडी वेगळीच. तरीही ऊन भाजतंच. दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात आणि इथे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. कानटोपी आणि सनस्क्रीन दोन्ही लागतात. जायचं ते सकाळीच. दुपारी ढग चढतात, मग समोरचा कोटोपाक्सी ज्वालामुखी दिसत नाही आणि उघड्या माळावर विजांचं भय असतं.

रोपवे ज्वालामुखीच्या शिखरावर नेतो, हाही समज चुकीचा. रुकू पिचिंचाचं शिखर ४,७०० मीटरच्या आसपास आहे आणि क्रूस लोमापासून तिथवर काही तासांची पायपीट आहे; शेवटचा टप्पा तर खडकावरून हात लावून चढायचा. चिंबोराझो किंवा कोटोपाक्सी या शिखरांवर जाणारे गिर्यारोहक सरावासाठी इथे येतात. आणि पिचिंचा विझलेला नाही. त्याचं दुसरं शिखर, ग्वाग्वा पिचिंचा, १९९९ मध्ये फुटलं तेव्हा क्विटोच्या रस्त्यांवर राख पडली. त्याचं विवर शहराच्या विरुद्ध दिशेला, पश्चिमेकडे उघडं आहे, त्यामुळे शहराला मुख्य धोका राखेचा. तिथल्या पॉलिटेक्निक विद्यापीठाची भूभौतिकी संस्था त्यावर सतत नजर ठेवून असते.

मला सर्वांत खटकतो तो वरच्या माळाला ‘ओसाड’ म्हणणारा समज. पिवळट गवताच्या झुबक्यांनी भरलेल्या त्या माळाला तिथे पारामो म्हणतात. कास पठाराकडे उन्हाळ्यात पाहून कोणी त्याला उजाड म्हणावं, तशातलाच हा प्रकार. ज्वालामुखीची राख आणि थंडीत सावकाश कुजणारा पालापाचोळा यांची इथली काळी माती पाऊस आणि धुकं शोषून घेते आणि हळूहळू सोडते. नारिंगी फुलांच्या चुकिरागुआ या झुडपावर तिथला डोंगरी हमिंगबर्ड जगतो. क्विटोच्या नळाला येणारं बरंचसं पाणी अशाच पारामोंतून, अँटिसाना आणि कोटोपाक्सी या ज्वालामुखींच्या परिसरातून येतं. हे माळ राखण्यासाठी शहराने २००० साली एक जलनिधीच उभारला. बुटांखाली चेपलेली ही माती लवकर सावरत नाही. फोटोसाठी म्हणूनही आखलेली पायवाट सोडू नका.