रत्नागिरी कोणत्या हाताला?

मुलांच्या हाती कॅमेरा : भाग ६

मोबाइल स्थिर ठेवणं आणि चौकट निवडणं गेल्या दोन भागांत झालं. आज हिरवा पडदा. त्याचं नाव काढलं की मुलांच्या मनात काय येतं ते ठरलेलं आहे : उडायचं, चंद्रावर उतरायचं, डायनासोरपुढून पळायचं. ही हौस पुरवायलाच हवी, पण पाचवी ते सातवीच्या मुलांना पहिला धडा म्हणून मी हवामानाची बातमी देते. चंद्रावर काहीही खपतं. नकाशावर चूक लगेच उघडी पडते.

दूरचित्रवाणीवर हवामान सांगणाऱ्या निवेदिकेच्या मागे बहुतेक वेळा नकाशा नसतोच. मागे असतो कोरा हिरवा पडदा. नकाशा तिला दिसतो तो बाजूला ठेवलेल्या मॉनिटरवर, आणि तिकडे नजर टाकत ती रिकाम्या पडद्यावर नेमकं नागपूर दाखवते. मुलांना हे आधी खरं वाटत नाही. मग प्रत्येकाला करून बघायचं असतं. महाराष्ट्राच्या नकाशात रत्नागिरी डावीकडे आणि नागपूर उजवीकडे, हे त्यांना पाठ असतं. पण कोणाच्या डावीकडे? बघणाऱ्याच्या. कॅमेऱ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या मुलीला रत्नागिरीसाठी उजवा हात पसरावा लागतो आणि नागपूरसाठी डावा. पहिल्या खेपेला मुलं कोकणातला पाऊस विदर्भात पाडतात. त्यावर वर्गात होणारी चर्चा मला भूगोलाच्या कोणत्याही पाठापेक्षा मोलाची वाटते, कारण तिथे दिशा पाठ करून भागत नाही, दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघावं लागतं.

सेल्फी कॅमेऱ्यात स्वतःला बघत हे करू देऊ नका. त्यात चालू चित्र आरशासारखं उलटं दिसतं आणि गोंधळ दुप्पट होतो. मागचा कॅमेरा वापरा. शहरांच्या जागा सापडायला एक सोपा उपाय आहे : पडद्याच्याच कापडाचे बोटाएवढे तुकडे कापून शहरांच्या ठिकाणी टाचा. जवळ उभ्या मुलाला ते दिसतात, पण रंग तोच असल्यामुळे पडद्याबरोबर तेही नाहीसे होतात.

नाहीसे होतात म्हणजे काय, हे ॲप उघडण्याआधी कागदावर शिकवावं असं माझं ठाम मत आहे. व्हिडिओतलं प्रत्येक चित्र बारीक बिंदूंचं असतं आणि प्रत्येक बिंदू म्हणजे तीन आकडे : लाल किती, हिरवा किती, निळा किती. आकडे ० ते २५५. आता मुलांना संगणक व्हायला सांगा. तुम्ही तीन आकडे म्हणा, त्यांनी ‘जाईल’ की ‘राहील’ ते ओरडावं. ४०, २००, ६० : जाईल, हा आपला पडदा. २२०, ३०, ४० : राहील, लाल सदरा. १५०, १००, ७५ : राहील, हा हाताचा गव्हाळ रंग. मग हळूच २४०, २४०, २४० म्हणा. हिरव्याचा आकडा पडद्यापेक्षाही मोठा आहे, म्हणून निम्मी मुलं ‘जाईल’ म्हणतात. पण हा तर पांढरा शर्ट. तो राहतो, कारण त्यात हिरव्याच्या जोडीला लाल आणि निळाही तेवढेच आहेत. हिरवा किती आहे हे बघून चालत नाही, बाकी दोघांपेक्षा किती जास्त आहे ते बघावं लागतं. वजाबाकी आली की मुलांना सगळं लख्ख दिसतं. शेवटी १२०, २१०, ७० विचारा. ही पोपटी ओढणी. हिच्यावर एकमत होत नाही, आणि ॲपचंही होत नाही.

रंगांतल्या फरकाचं हे तत्त्व संगणकाच्या आधीचं आहे. पेट्रो व्लाहोस या अमेरिकी अभियंत्याने ते फिल्मच्या जमान्यात निळ्या पडद्यासाठी वापरलं, आणि ‘बेन हर’ (१९५९) या चित्रपटात ते कामाला आलं. त्याआधी ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) मध्ये लॅरी बटलर यांनी निळ्या पडद्याची करामत केली होती. त्या वर्षीचं स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर त्याच चित्रपटाला मिळालं. त्यातला छोटा चोर झालेला साबू आपल्या म्हैसूरकडचा.

मग पडदा निळ्याचा हिरवा का झाला? मोठं कारण मुलांच्या हातातल्या मोबाइलमध्येच आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश टिपणाऱ्या दर चार घरांतली दोन हिरव्यासाठी राखलेली असतात, एक लालसाठी, एक निळ्यासाठी. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांची ही मांडणी, तिचं पेटंट १९७६ चं. माणसाच्या डोळ्यालाही हिरव्याच्या छटा जास्त बारकाईने कळतात, म्हणून त्याला झुकतं माप. त्यामुळे कॅमेऱ्याकडे हिरव्याची माहिती सर्वांत भरघोस येते आणि कडा नीट कापता येते. शिवाय माणसाच्या कातडीत हिरवा रंग वरचढ नसतो, मग कोणी गोरं असो की सावळं.

आता कापड. महागडं काही लागत नाही. मोठ्या पन्ह्याचं, न चमकणारं सुती कापड घ्या, गडद बाटलीहिरवं नको आणि पोपटीही नको. सॅटिन टाळा. त्यावर उजेडाचे पांढरे पट्टे उठतात आणि तेवढा भाग हिरवा उरतच नाही. शाळेच्या हिरव्या फळ्यावर भागवायचा मोह होतो, पण तो फार काळपट असतो आणि खडूची भुकटी त्याला ठिकठिकाणी राखाडी करते. कापडाला इस्त्री करा, दोरीवर टाकून कपड्यांच्या चिमट्यांनी ताणून बसवा. प्रत्येक चुणी म्हणजे एक सावली, आणि प्रत्येक सावली म्हणजे हिरव्याची एक वेगळी छटा.

सगळी मेख उजेडात आहे. माझा अनुभव असा की ॲपला नावं ठेवली जातात तेव्हा बहुतेक वेळा दोष उजेडाचा असतो. पडद्यावर उजेड सारखा पडला पाहिजे. ढगाळ दिवशी व्हरांडा, नाहीतर इमारतीच्या सावलीतलं अंगण यासारखी जागा नाही. घरात करायचं तर पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच दोन दिवे लावा. उजेड सारखा आहे की नाही हे डोळ्याला पटकन कळत नाही, म्हणून मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून तो कृष्णधवल करा. पडदा एकसारखा राखाडी दिसला तर उत्तम, कोपरे काळवंडलेले दिसले तर दिवे हलवा. हे काम मुलांनाच द्यावं. आपण बसलो आहोत त्या खोलीत उजेड किती असमान असतो हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसतं.

मूल पडद्याला चिकटून उभं राहिलं की दोन गोष्टी बिघडतात. त्याची सावली पडद्यावर पडते आणि पडद्याचा हिरवा उजेड त्याच्या कानांवर, मानेवर, गालाच्या कडांवर चढतो. मग ॲप कान खातं. चार-पाच फूट पुढे उभं करा, जागा असेल तर आणखी पुढे. व्हिडिओ सुरू करण्याआधी मोबाइलच्या स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा. नाहीतर मूल हलेल तसा मोबाइल उजेड कमी-जास्त करत राहतो आणि हिरवाही त्याबरोबर बदलत राहतो.

केसांच्या बटा का तुटतात, हा प्रश्न मुली हमखास विचारतात. मोबाइल जागा वाचवायला एक काटकसर करतो : उजेड प्रत्येक बिंदूचा वेगळा नोंदवतो, पण रंग साधारण चार बिंदूंत मिळून एकदाच. आपलं सगळं कापकाम रंगावर चालतं, म्हणून केसासारख्या बारीक कडेला ते अडखळतं. उपाय घरचाच आहे, तेल लावून घट्ट वेणी. याच कारणासाठी व्हिडिओ एका फोनवरून दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲपने साध्या व्हिडिओसारखा पाठवू नका. तिथे तो आणखी दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबलने घ्या.

कपड्यांची सूचना आदल्या दिवशी द्या. हिरवा गणवेश असेल तर निळं कापड लावा. पोपटाचा वेश, झाडाची फांदी, पालेभाज्यांची टोपली असेल तरी तेच. हिरव्या काचेच्या बांगड्या भरलेला हात कॅमेऱ्यापुढे आला की मनगट तुटल्यासारखं दिसतं. या गमतीचा मात्र शेवटी खेळ करावा. मुलाला गळ्यापासून खाली त्याच कापडात गुंडाळा, नुसतं डोकं हवेत तरंगेल. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांनी १८९८ मध्ये स्वतःचं डोकं असंच धडावेगळं करून टेबलावर ठेवलं होतं, तेव्हा मागे काळा पडदा होता.

ॲपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अँड्रॉइडवर काइनमास्टर, आयपॅडवर आयमूव्ही, शाळेच्या संगणकावर शॉटकट किंवा ओपनशॉट, हे दोन्ही मोफत आणि मुक्त स्रोत. सगळीकडे रीत एकच : खाली नकाशा, वर मुलाचा व्हिडिओ, आणि वरच्या थराला ‘क्रोमा की’. एक पट्टी सरकवायची असते. कमी सरकवली तर हिरवे डाग उरतात, जास्त सरकवली तर बोटं झिजतात. पट्टी मुलाच्या हातात द्या आणि आपण हात मागे बांधून उभं राहा.

इथे चलाख मुलाचा एक प्रश्न येतो, आणि आला नाही तर तुम्ही विचारा. हवामान खात्याच्या नकाशात धोक्याचे चार रंग असतात : हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. मग नकाशातले हिरवे जिल्हेही गायब होतील का? उत्तर सांगू नका, करून बघू द्या. होत नाहीत, कारण कात्री फक्त वरच्या थराला लावलेली आहे. थर म्हणजे काय हे एवढ्या एका प्रयोगात जसं कळतं तसं व्याख्येने कळत नाही.

पालक विचारतात की आता फोन कापडाशिवायच मागचं चित्र बदलतो, ऑनलाइन वर्गात आपण ते पाहिलंच, मग हा खटाटोप कशाला? तिथे माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते याचा अंदाज यंत्र बांधतं. चुकलं तर का चुकलं ते मुलाला कळत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. कापडापुढे प्रत्येक चुकीचं कारण सापडतं : चुणी, सावली, बांगडी, दिवा. ते हाताने काढता येतं. शिकण्यासाठी मी कापडाचाच आग्रह धरीन.

करामत कळली की नवल संपतं, असंही काहींना वाटतं. दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करत, आपलं नाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ म्हणून. ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) त्यांनी कॅमेऱ्याच्या करामतींनी उभे केले. दुसऱ्यात कृष्ण झाली होती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. आणि याच माणसाने चित्रपट कसे तयार होतात हे लोकांना दाखवणारा लघुपटही काढला. गुपित उघडं केल्याने त्यांच्या कृष्णाला पाहायला येणारे प्रेक्षक हटले नाहीत. मुलांचंही तसंच असतं. स्वतः पडदा लावलेलं मूल कोणताही व्हिडिओ बघताना विचारतं, याच्या पायाखाली सावली का नाही? याच्या तोंडावर उजेड डावीकडून आणि मागच्या डोंगरावर उजवीकडून कसा? फोनवर येणाऱ्या चित्रांचा पूर पाहता हे दोन प्रश्न प्रत्येक मुलाच्या तोंडी यावेत असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मागचं चित्र इंटरनेटवरून उचलू देऊ नका. ते दुसऱ्या कोणाचं तरी असतं, हे एक. आणि ते उचललं की मुलाच्या वाट्याला फक्त पुढे उभं राहणं उरतं. नकाशा मुलांनी आडव्या कार्डपेपरवर काढावा, रंगवावा आणि त्याचा सरळ समोरून फोटो घ्यावा. पुढच्या टप्प्यात गावातली खरी जागा घ्या : बंदर, बाजारपेठ, किल्ल्याचा दरवाजा. फोटो घेताना कॅमेरा मुलाच्या छातीच्या उंचीला धरा आणि ऊन कोणत्या बाजूने आहे ते वहीत लिहून ठेवा. पडद्यापुढे उभं करताना दिवा त्याच बाजूला आणि मोबाइल त्याच उंचीवर ठेवला की मूल त्या जागेत खरंच उभं असल्यासारखं दिसतं. पाय दाखवायचे नसतील तर काम निम्मं होतं. सुरुवातीला कमरेपर्यंतच दाखवा.

तयार व्हिडिओ वर्गात दाखवा, घरी आजी-आजोबांना दाखवा. मुलांचे चेहरे असलेला व्हिडिओ पालकांना विचारल्याशिवाय आणि मुलालाही विचारल्याशिवाय कुठेही चढवू नका.

पुढच्या आठवड्यात आवाज. तोपर्यंत एवढं करा : नकाशा काढून घ्या, कापड इस्त्री करून ठेवा, आणि मुलांना रत्नागिरीसाठी उजवा हात पुढे करायची सवय लावा.