मिटवून टाकणं म्हणजे न्याय नव्हे

२८ मे १९७४ च्या रात्री कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत २२ ठिकाणी नासधूस केली. टायर फाडले, काचा फोडल्या. गुन्हा त्यांनी कबूल केला. परिवीक्षा अधिकारी मार्क यांट्झी यांनी सुचवलं, की ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या दारात या दोघांना उभं करावं. न्यायाधीश आधी कचरले, मग त्यांनी परवानगी दिली. आधुनिक पुनर्स्थापक न्यायाची सुरुवात बहुतेक अभ्यासक इथूनच मोजतात. इजा कोणाला झाली, तिला किंवा त्याला आता काय हवं आहे आणि ते भरून देणं कोणाचं काम आहे, हे प्रश्न या पद्धतीत आधी येतात.

गैरसमज : यात गुन्हेगार सुटतो.

एल्मायराच्या दोघांना दंड झाला, त्यांच्यावर देखरेख आली आणि नुकसानभरपाईही द्यावी लागली. त्याशिवाय घरोघरी जाऊन ‘हे आम्ही केलं’ असं सांगावं लागलं. कोर्टात आरोपीच्या वतीने वकील बोलतो. इथे स्वतःलाच तोंड उघडावं लागतं, आणि समोर बसलेली बाई रात्री झोप का लागत नाही हे सांगत असते. याला सौम्य म्हणणं मला पटत नाही.

न्यूझीलंडमध्ये तर हे कायद्यातच आहे. माओरी समाजाची मुलं सरकारी संस्थांमध्ये डांबली जात होती. त्याविरुद्धच्या असंतोषातून आणि कुटुंबाने मिळून निर्णय घेण्याच्या त्यांच्या रीतीतून १९८९ चा कायदा आला. गुन्हा केलेला किशोर, त्याचं कुटुंब, पोलीस आणि इजा झालेली व्यक्ती एकत्र बसतात. मध्येच कुटुंबाला स्वतंत्र खोलीत विचार करायला वेळ मिळतो. मुलाने आरोप नाकारला, तर तिथे भरपाई ठरवता येत नाही. फैसला कोर्टच करतं. खून आणि सदोष मनुष्यवध या बैठकीने निकाली निघत नाहीत.

गैरसमज : पीडिताला माफ करावंच लागतं.

नाही. यावंच लागतं असंही नाही. पत्र पाठवता येतं, प्रतिनिधी पाठवता येतो, नकार देता येतो. माफी हे या बैठकीचं फळ असू शकतं, अट कधीच नाही.

गैरसमज : ही आपली जातपंचायतच की!

हा गैरसमज सर्वांत घातक आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. जातपंचायतीत पंच निवाडा देतात, दंड जातीच्या तिजोरीत जातो आणि न मानणाऱ्याला वाळीत टाकतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला अनेकदा बोलूही देत नाहीत. महाराष्ट्राला यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. विधिमंडळाने तो २०१६ मध्ये मंजूर केला, २०१७ पासून तो लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पुनर्स्थापक बैठकीत मध्यस्थ निवाडा देत नाही, आणि माणसाला समाजाबाहेर काढणं तर तिच्या हेतूच्या नेमकं उलट आहे.

१५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम मात्र या विचाराच्या बरीच जवळची. बांधाचे, वाटणीचे, वर्षानुवर्षं कोर्टात अडकलेले तंटे गावातच सुटावेत हा हेतू चांगलाच होता. पण मिटलेल्या तंट्यांचे गुण आणि त्यावर बक्षीस म्हटलं, की ‘घ्या आता मिटवून’ असा दबाव दुबळ्या बाजूवर येण्याचा धोका असतो. नवऱ्याने मारलेल्या बाईला गावाच्या नावासाठी घरी परत पाठवणं हा न्याय होऊच शकत नाही. घरगुती हिंसेत खास प्रशिक्षण घेतलेल्या माणसाशिवाय अशी बैठक धरूच नये.

ही पद्धत फक्त किरकोळ भांडणांपुरती, हेही खरं नाही. हेदर स्ट्रँग, लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दहा प्रयोगांचा आढावा घेतला. समोरासमोर बैठकीनंतर पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण थोडं कमी झालेलं दिसलं, आणि हा परिणाम मालमत्तेच्या गुन्ह्यांपेक्षा हिंसेच्या गुन्ह्यांत अधिक होता. पीडितांचं समाधानही वाढलं होतं.

आपल्या गावोगावच्या तंटामुक्त समित्यांना यातून लगेच घेता येईल असं बरंच आहे. तक्रारदाराला आधी एकट्याने भेटा, नकाराची मोकळीक द्या, भरपाईची तारीख लिहून ठेवा आणि ती तारीख उलटल्यावर तक्रारदाराच्या घरी पुन्हा जाऊन विचारा.