मुक्या सोबत्यांचे कुटुंबनियोजन

चंदीगडच्या सेक्टर 32 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. रुग्ण, नातेवाईक आणि विद्यार्थी यांची जेथे सतत वर्दळ असते, तेथे भटकी कुत्री ही केवळ गैरसोयीची बाब राहत नाही. 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शिक्षणसंस्था, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवावीत, निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावे, असे निर्देश दिले.

परंतु रस्त्यावरील प्रत्येक कुत्रे रस्त्यावरच जन्मलेले नसते. घरच्या कुत्रीला पिल्ले होतात; दोन-तीन ओळखीचे लोक घेऊन जातात. उरलेली कोठे जातात, हे सहसा कोणी विचारीत नाही. कुत्री साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते आणि तिचा गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा असतो. मांजरीचे चक्र तर याहून वेगवान. चक्रवाढ व्याजाचा हिशेब बँकेच्या ग्राहकास सांगावयास नको. येथे मात्र मुद्दल घरचे असते आणि व्याज रस्त्यावर जमा होते.

2001 च्या श्वान जन्मनियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्यांचे नियंत्रित प्रजनन, लसीकरण व निर्बीजीकरण यांची जबाबदारी मालकावर टाकली होती. त्यांची जागा घेणाऱ्या 2023 च्या नियमांनीही पाळीव प्राण्यांच्या बाबतीत ती मालकाकडेच ठेवली आहे.

या शस्त्रक्रियेत प्राण्याचेही हित आहे. मादीला गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा विकार टळतो आणि लवकर शस्त्रक्रिया केल्यास स्तनांच्या गाठींचा धोका घटतो. नराच्या वृषणातील गाठींची भीती राहत नाही. मादीच्या शोधात पळून जाणे, भांडणे आणि त्यातून होणारे अपघातही कमी होतात. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही.

शस्त्रक्रियेचे योग्य वय जात आणि आकार यांनुसार बदलते; मोठ्या जातींत सांध्यांचा विचार करून काही वेळा थांबावे लागते. म्हणून पशुवैद्याचा सल्ला आवश्यक ठरतो. भूल देण्यापूर्वी त्यांच्या सूचनेप्रमाणे प्राण्यास उपाशी ठेवावे. नंतर दहा ते चौदा दिवस विश्रांती द्यावी व टाके चाटू देऊ नयेत. पुढे वजन वाढू नये म्हणून आहार बेताचा आणि फिरणे नियमित असावे.

थोडा खर्च आणि पंधरवड्याची काळजी एवढीच ही गुंतवणूक. तिचा लाभ घरच्या सोबत्यास मिळतो, तसाच रुग्णालयाच्या दाराशी थांबलेल्या अनोळखी माणसासही.