नव्या घरात फरशी कधी बसवावी? रंगाच्या आधी की नंतर? जाणून घ्या कामांचा योग्य क्रम

वास्तुशांतीची तारीख ठरते, पाहुण्यांना फोन जातात आणि घरमालक ठेकेदाराच्या मागे लागतो, ‘आधी फरशी उरकून टाका.’ एकीकडे घरभाडे, दुसरीकडे गृहकर्जाचा हप्ता, त्यामुळे ही घाई समजण्यासारखी आहे. शिवाय फरशी बसली की घर तयार झाल्यासारखे वाटते. मात्र इतर कामे बाकी असताना बसवलेली फरशी पुन्हा फोडावी लागली, तर नवा माल, मजुरी आणि वेळ असा तिहेरी फटका बसतो. मग फरशीचा नंबर नेमका कितवा?

फरशीआधी काय संपायला हवे?

नियम सोपा आहे. तोडफोडीची, ओली आणि छताची कामे आधी. वायरिंगचे पाइप, नळाच्या लाइन, एसीचे पाणी वाहून नेणारा पाइप, दरवाजांच्या चौकटी आणि आतला गिलावा पूर्ण हवा. नळाच्या लाइन दाब देऊन तपासून घ्याव्यात. फॉल्स सीलिंगही आधीच करावे, कारण त्यासाठी लागणाऱ्या घोड्यांमुळे फरशीवर चरे पडतात आणि पीओपी सांडते.

बाथरूमची चाचणी का महत्त्वाची?

वॉटरप्रूफिंग झाल्यावर बाथरूममध्ये किमान 24 ते 48 तास पाणी साठवून ठेवतात आणि खालच्या छताला ओल येते का, ते पाहतात. ही चाचणी टाळली, तर गळती राहायला गेल्यावर कळते. तेव्हा नवी फरशी तर फुटतेच, शिवाय खालच्या शेजाऱ्याशी वाद होतो तो वेगळाच.

पातळी आधी ठरवा

सिमेंटच्या मालावर फरशी बसवली, तर मालासह साधारण दोन इंच जाडी धरावी लागते. टाइल अ‍ॅडहेसिव्हचा थर काही मिलिमीटरचाच असतो, पण त्यासाठी खालचा कोबा सपाट हवा. ही जाडी आधी मोजली नाही, तर दरवाजे घासतात. बाथरूमची पातळी खोलीपेक्षा खाली आणि ढाळ जाळीकडे हवा.

रंग आणि फर्निचर कधी?

पुट्टी, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात शक्यतो फरशीआधी द्यावा. मग फरशी, स्कर्टिंग आणि शेवटी रंगाचा अखेरचा हात. मॉड्युलर किचन आणि कपाटे फरशीनंतर बसवावीत. फरशी भिंतीपर्यंत अखंड असेल, तर पुढे कपाट हलवले तरी खाली उघडा पट्टा दिसत नाही.

सगळ्या फरशांना हाच क्रम?

नाही. व्हिट्रिफाइड टाइल्ससाठी वरचा क्रम चालतो. संगमरवर आणि कोटा घासताना पाणी व चिखल भिंतीवर उडतो. त्यामुळे त्यांची घासाई शेवटच्या रंगाआधी आणि अंतिम पॉलिश सगळ्यात शेवटी करावे. लॅमिनेट वुडन फ्लोअरिंग ओलाव्याने फुगते, म्हणून ते सर्व ओली कामे आणि रंग झाल्यावरच टाकावे.

बसवल्यानंतर काय काळजी घ्यावी?

- किमान 24 तास फरशीवर चालू नये.
- सांधे भरण्याआधी प्रत्येक टाइल ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला, तर ती काढून पुन्हा बसवून घ्यावी.
- सुतारकाम बाकी असेल, तर प्लास्टिक अंथरून त्यावर पीओपीचा पातळ थर द्यावा.
- खोक्यांवरचा बॅच आणि शेड क्रमांक एकच आहे का, ते पाहावे. 5 ते 10 टक्के टाइल्स जास्त घ्याव्यात आणि उरलेल्या जपून ठेवाव्यात. नंतर तीच छटा मिळेलच असे नाही.

वास्तुशांतीचा दिवस अगदी तोंडावर आला असेल, तर रंगाचा शेवटचा हात मागे ठेवता येतो, कपाटेही नंतर बसवता येतात. बाथरूममधल्या पाण्याच्या चाचणीचे दोन दिवस मात्र वाचवू नयेत.