लोखंडी टोपी आणि गाडगं

मॉस्कोतल्या सेंट बॅसिल चर्चसमोरचा चौक. दुष्काळानं खंगलेली माणसं झार बाहेर येण्याची वाट पाहत उभी आहेत. अंगावर साखळ्या आणि डोक्यावर लोखंडी टोपी असा एक वेडा येऊन जमिनीवर बसतो. पोरं त्याच्याभोवती गोळा होतात, टोपीवर टकटक वाजवतात. माझ्याजवळ एक कोपेक आहे, असं तो कौतुकानं सांगतो. दाखव, म्हणतात पोरं. तो दाखवतो आणि पोरं नाणं हिसकावून पळतात. तेवढ्यात झार बोरिस बाहेर येतो. रडणारा वेडा सगळ्यांदेखत त्याला सांगतो, की तू त्या लहानग्या राजपुत्राचा गळा कापलास ना, तसाच या पोरांचाही काप.

मोदेस्त मुसॉर्गस्कीच्या ‘बोरिस गोदुनोव’ या ऑपेरातला हा प्रवेश मी पहिल्यांदा पाहिला तो बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना, रेल्वेच्या डब्यात, मोबाइलवर. खाली इंग्रजी ओळी धावत होत्या. प्रवेश संपला तेव्हा गाडी मूर्तिजापूरला उभी होती. गाडगेबाबांचं बालपण ज्या दापुऱ्यात मामाच्या घरी गेलं, ते याच तालुक्यातलं. फलाटावरची पाटी वाचताना डोळ्यांपुढे आला तो डोक्यावर फुटकं गाडगं पालथं घातलेला, चिंध्या पांघरलेला माणूस. हा लेख तिथून सुरू झाला.

खरं तर मी रशियाच्या वाटेला गेलेच नव्हते. मला लिहायचं होतं अमरावतीच्या वीर वामनराव जोशींवर. त्यांचं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ ललितकलादर्शनं केलं आणि त्यातली केशवराव भोसल्यांची मृणालिनी गाजली. पुढे १९२७ साली बळवंत संगीत मंडळीनं त्यांचं ‘रणदुंदुभी’ रंगभूमीवर आणलं. चाली वझेबुवांच्या, गळा मास्टर दीनानाथांचा. राजपद हीच आपत्ती, भयानं भरलेली आपत्ती, असा आशय असलेलं त्यातलं पद आजही मैफलींत ऐकू येतं. सत्ता माणसाला आतून कशी खाते, या विषयावर इतरांनी गाण्यातून काय केलं आहे हे शोधताना बोरिसचं नाव पुढे आलं.

वऱ्हाडात नाटकाचं वेड जुनं. कापसाचा पैसा होता, आणि नाटक कंपन्या पैसा असेल तिथे मुक्काम टाकत. १९०५ साली मुंबईत पहिलं मराठी नाट्यसंमेलन भरलं, त्याच्या अध्यक्षपदी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. टिळकांचे सहकारी म्हणून त्यांना सगळे ओळखतात. नाटकवाल्यांनी पहिला मान त्यांना दिला होता, ही आठवण मात्र आपल्या गावातही पुसट झाली आहे.

सनावळी शेजारी ठेवून पाहिली. रशियात ग्लिंकाचा ‘रुस्लान आणि ल्युदमिला’ हा ऑपेरा १८४२ सालचा, तर विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ १८४३ सालचं. ‘बोरिस’चा पहिला प्रयोग १८७४ साली सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात झाला, किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचा पत्ता नव्हता. तरी दोन्हीकडे एकच धडपड चालली होती: आपल्या भाषेत, आपल्या चालींत, आपल्या माणसांसमोर गायचं.

साहजिकच मी रशियन ऑपेरा संगीत नाटकाच्या कानानं ऐकायला गेले आणि फसले. आपल्या नाटकात गद्य थांबतं आणि पद सुरू होतं. पद आवडलं की वन्समोअर. बोरिसमध्ये मी पदाची वाट पाहत बसले आणि पद येईचना. सगळंच गायलं जातं, पण धरून ठेवावी अशी चाल हातात येण्याआधीच निसटते. पहिल्या दोन वेळा मी अर्ध्यातून बंद केलं.

तिसऱ्यांदा ऐकताना कळलं की दार दुसरंच आहे. मुसॉर्गस्कीला चाल माणसाच्या बोलण्यातून काढायची होती. प्सकोव प्रांतातल्या जमीनदाराचा हा मुलगा, लष्कर सोडून सरकारी नोकरीत शिरलेला. ‘बोरिस’ लिहीत होता तेव्हा तो वनखात्यात कारकुनी करत होता. १८६८ साली त्यानं गोगोलचं ‘लग्न’ हे गद्य नाटक शब्द न बदलता स्वरांत बसवायला घेतलं. (याच गोगोलच्या दुसऱ्या नाटकावरून पुलंनी ‘अंमलदार’ केलं.) एक अंक झाला आणि तो थांबला, पण हात तयार झाला. माणूस विचारतो तेव्हा आवाज कुठे चढतो, खोटं बोलतो तेव्हा कुठे घसरतो, घाबरल्यावर कुठे अडतो, हे सगळं त्यानं स्वरलिपीत मांडलं. पुढच्याच वर्षी ‘बोरिस’चा पहिला खर्डा पूर्ण झाला.

बोलण्याचं गाणं होणं आपण कुठे ऐकतो? कीर्तनात. बुवा गोष्ट सांगत असतात, सांगता सांगता आवाज एका स्वरावर टेकतो, शब्द लांबतात, टाळ जागे होतात, आणि बोलणं संपून गाणं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. गाडगेबाबांनी तर कीर्तनाची सगळी बैठकच मोडली होती. ते प्रश्न विचारत आणि हजारो माणसं उत्तर देत. कर्ज, दारू, बोकडाचा बळी, पोरांची शाळा, सगळं वऱ्हाडीत, शेतातल्या बोलीत. या कानानं बोरिस ऐका. संगीत नाटकापेक्षा कीर्तन त्याला कितीतरी जवळचं आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. नाट्यगीताच्या दारातून आत शिरणारा माणूस हिरमुसून परत फिरेल.

आणि ती गर्दी! पडदा उघडतो तो एका मठाच्या अंगणात. हातात सोटा घेतलेला शिपाई जमलेल्या लोकांना दरडावतो: रडा, गुडघे टेका, बोरिसनं राजा व्हावं म्हणून गयावया करा. लोक टाहो फोडतात. मध्येच एक जण शेजाऱ्याला विचारतो की आपण ओरडतोय तरी कशासाठी. त्यालाही माहीत नसतं. बाया पाण्यावरून भांडतात, शिपाई वळला की पुन्हा गळा काढतात. मुसॉर्गस्कीनं इथे समूहगान फोडून तुकडे तुकडे केलं आहे. इथून एक आवाज, तिथून दोन, मग सगळे एकदम. भाड्याच्या गाड्यांतून सभेला नेलेली आणि दिवसभर उन्हात बसवलेली माणसं ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना हा प्रवेश समजावून सांगावा लागत नाही.

पुढच्या प्रवेशात राज्याभिषेक. क्रेमलिनच्या घंटा वाजतात आणि वाद्यवृंद त्या घंटांचं रूप घेतो. घरी पेटी असेल तर करून पाहा. कोणताही स्वर सा धरा आणि सा, ग, प, कोमल नी एकदम दाबा. मग तीव्र मध्यमाला सा मानून तेच करा. दोन्ही गठ्ठ्यांचे मूळ स्वर एकमेकांपासून जितके लांब जाता येईल तितके लांब, तरी पहिल्यातले ग आणि कोमल नी दुसऱ्यातही जागेवर असतात. हे दोन गठ्ठे आलटून पालटून वाजवत राहा. घंटेचा लोलक इकडून तिकडे जातो आणि पायाखालची जमीन हलते. जयजयकार चालू असताना राजाच्या मनात काहीतरी बिनसलेलं आहे, हे शब्दांआधी स्वर सांगून टाकतात.

मग बोरिस बोलू लागतो, खर्जात. आपल्या कानाला हा धक्का असतो. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात आपले नट-गायक वरच्या पट्टीत गात; दीनानाथांचा आवाज विजेसारखा वरून कोसळे. रशियनांचे राजे आणि साधू जमिनीखालून बोलतात, कारण त्यांच्या चर्चमधल्या प्रार्थनेत वाद्यं नसतात आणि तिथे खर्जाच्या आवाजांना फार मान. कझानमध्ये गरिबीत वाढलेल्या फ्योदोर शल्यापिननं १९०८ साली पॅरिसमध्ये बोरिस उभा केला आणि रशियन ऑपेराचं नाव युरोपभर झालं. त्याची जुनी ध्वनिमुद्रणं मिळतात. मरणाच्या प्रवेशात तो किती कमी गातो आणि किती नुसता श्वास घेतो, हे ऐकण्यासारखं आहे.

बाकीच्या रशियन संगीतकारांबद्दल थोडक्यात. चायकोव्हस्कीचा ‘येवगेनी ओनेगिन’ १८७९ साली संगीत विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा केला; त्यात तात्याना रात्रभर जागून पत्र लिहिते, तो प्रवेश सुरुवातीला ऐकायला सगळ्यांत सोपा. बोरोदिन रसायनशास्त्राचा प्राध्यापक. ‘प्रिन्स इगोर’वर त्यानं सुमारे अठरा वर्षं काढली, १८८७ साली तो अर्धवट टाकून गेला आणि मित्रांनी ते काम पुरं केलं. रिम्स्की-कोर्साकोवच्या ‘साद्को’त एक हिंदी व्यापारी हिरे-मोत्यांच्या देशाचं गाणं गातो. चाल देखणी आहे, पण त्या हिंदुस्थानात धूळ नाही, म्हणून माझं मन रमलं नाही. त्याच्याच ‘सोनेरी कोंबडा’मध्ये मात्र दात आहेत. आळशी, युद्धखोर राजाची ही गोष्ट जपानकडून रशियाचा पराभव झाल्यानंतर लिहिली गेली. सेन्सॉरनं अडवली, १९०८ साली संगीतकार वारला आणि १९०९ साली काटछाट होऊन ती रंगभूमीवर आली. १९१० साली आपल्याकडे खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली. गोष्टीच्या आडून राजाला बोल लावणारे दोन्हीकडे होते आणि ते ओळखणारे अधिकारीही दोन्हीकडे होते.

रशिया मराठी माणसाला अनोळखी कधीच नव्हता. अण्णा भाऊ साठ्यांनी स्तालिनग्राडचा पोवाडा लिहिला, १९६१ साली तो देश पाहून आले आणि प्रवासवर्णनही लिहिलं. अमरावतीनं १९८९ साली कम्युनिस्ट पक्षाच्या सुदामकाका देशमुखांना लोकसभेत पाठवलं. टॉलस्टॉय, गॉर्की, चेखव आपल्या कपाटांत आले. गाणं तेवढं आलं नाही. पुस्तकाला अनुवादक भेटतो. ऑपेराला नाट्यगृह, वाद्यवृंद आणि तयार गळे लागतात. मुंबईत १९११ सालचं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ साली पुन्हा उघडलं, एनसीपीएत २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण अकोल्याहून मुंबई म्हणजे एक रात्र. म्हणून मोबाइलला कमी लेखू नका. फक्त कानात चांगले इअरफोन घाला आणि आधी कथा मराठीत कुणाला तरी सांगा. मी तसंच केलं, आणि कथा सांगता सांगता मलाच ती कळली.

आता पुन्हा त्या वेड्याकडे. रशियनमध्ये त्याला ‘युरोदिवी’ म्हणतात. देवासाठी वेडा झालेला, थंडीत उघडा फिरणारा, राजाला खरं सुनावणारा आणि तरी राजानं हात न लावलेला. इंग्रजी पुस्तकांत त्याच्यावर लांबलचक टिपा असतात. वऱ्हाडी वाचकाला ‘अवलिया’ एवढा एक शब्द पुरतो. ‘बोरिस’च्या पहिल्या प्रयोगानंतर चार वर्षांनी, १८७८ साली, शेगावात गजानन महाराज उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना लोकांना पहिल्यांदा दिसले. त्याआधी दोनच वर्षं, १८७६ साली, शेंडगावात डेबूजीचा, म्हणजे गाडगेबाबांचा जन्म झाला होता. ही माणसं सारखी नव्हेत, मुसॉर्गस्कीचा वेडा तर कल्पनेतला. पण डोक्यावरची ती टोपी आणि ते गाडगं पाहून माणूस कुठल्या जातकुळीचा आहे, ते आपल्याला पटकन ओळखता येतं.

ऑपेरात झार त्याला पकडू देत नाही, उलट माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणून विनवतो. पोरांचा खून करणाऱ्या राजासाठी प्रार्थना करता येत नाही, असं सांगून वेडा त्याला वाटेला लावतो. मुसॉर्गस्कीनं १८७२ साली बदललेल्या खर्ड्यात शेवटचा शब्द त्याचाच आहे. झार मेलेला, आपणच तो मारला गेलेला राजपुत्र म्हणवणारा नवा तोतया राजा मिरवत पुढे गेलेला, गर्दी त्याच्यामागे धावलेली, दूर आगीचा उजेड. आणि रंगमंचावर एकटा बसून तो रशियाच्या नावानं रडतो. संगीत मोठं होत नाही. ते विरत जातं.

मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात माझे मामा राहतात. वय ऐंशीच्या पुढे, गावच्या भजनी मंडळात खंजिरीवर अजून बसतात. गेल्या पोळ्याला गेले तेव्हा ओसरीवर त्यांना नाणं हिसकावण्याचा तो प्रवेश दाखवला. भाषा कळत नव्हती, म्हणून मी मध्ये मध्ये सांगत होते. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, वेड्याच्या रडण्याच्या चालीवर मांडीवर बोटं टेकवली आणि झार निघून जाईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्याचा पैसा घेऊन पयाले थे पोट्टे, त्याईले कोनी धरलं नाई काय?”

“नाही मामा. कुणीच नाही धरलं.”

“पुन्हा लाव बरं थे,” ते म्हणाले, आणि आत हाक मारून मामींना बोलावून घेतलं.