शिशाचे शिपाई आणि आपले शिपाई

उल्हासनगर ही मुळात शिपायांची जागा. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याण कॅम्प ही लष्करी छावणी होती. १९४९ साली गावाला नवे नाव मिळाले, पण पत्ता आपण अजूनही कॅम्प नंबरानेच सांगतो. शेजारच्या अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. तेव्हा धातू आणि शिपाई हे दोन्ही विषय आपल्या घरांना परके नाहीत.

या दोहोंचा मेळ घालणारा एक छंद जगात आहे. इतिहासातल्या सैनिकांच्या बोटाएवढ्या धातूच्या मूर्ती करायच्या, हाताने रंगवायच्या आणि जपून ठेवायच्या. जर्मनीत न्यूरेंबर्गला कथिलाचे चपटे शिपाई होत. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने नवी युक्ती काढली. साच्यात वितळलेले शिसे ओतायचे, बाहेरचा थर गोठला की आतले शिसे परत ओतून घ्यायचे. मूर्ती आतून पोकळ, म्हणून हलकी आणि स्वस्त. उंची सुमारे ५४ मिलिमीटर. ज्यांनी ओतकाम पाहिले आहे, त्यांना ही हुशारी लगेच कळेल.

या कारखान्याने हिंदी पलटणीही केल्या. त्यांत बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांचा संच होता. इथे क्षणभर थांबा. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेली पलटण याच बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीची. तिथल्या स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची महार शिपायांची नावे आजही वाचता येतात.

आणि त्याच काळात इकडे काय चालले होते? १८९२-९३ च्या सुमारास सरकारने 'लढाऊ जाती'चे सोंग काढून महारांची लष्करभरती बंद केली. विलायतेतल्या मुलांच्या कपाटात बॉम्बेचा शिपाई ऐटीत उभा राहिला आणि ज्यांच्या बापजाद्यांनी ती पलटण गाजवली, त्यांच्या पोरांना भरतीच्या दारातून परत पाठवले गेले! निवृत्त लष्करी गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसे हवी झाली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली; गरज सरताच १९२१ साली मोडली. सुभेदार रामजींच्या पुत्राने, बाबासाहेबांनी, हा प्रश्न सोडला नाही. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

म्हणून हा छंद केवळ श्रीमंतांचा चाळा समजू नये. कोणाची मूर्ती होते आणि कोणाची होत नाही, यावरून मुले शूर कोण ते ठरवतात.

धातूची मूर्ती महाग पडते. शाडूची माती पुरे. वीतभर उंचीचा शिपाई करा, सावलीत पूर्ण वाळू द्या. आधी पांढऱ्या रंगाचा एक हात, मग लाल डगला, छातीवर फुलीसारखे दोन पांढरे पट्टे, हातात लांब बंदूक. रंग पातळ ठेवा, दोन हात द्या. चेहरा शेवटी, बारीक ब्रशने. रंग आपल्याच माणसांचा द्या, गोरा नको.

माताभगिनींना एक सूचना. जुनी शिशाची खेळणी लहान मुलांच्या हाती देऊ नका. शिसे विषारी आहे. ते पोटात गेल्यास मुलांच्या मेंदूला इजा होते. घरच्या चुलीवर, स्वयंपाकाच्या भांड्यात शिसे कधीही वितळवू नये. आता चांगले कारागीर शिशाऐवजी कथिलाचा मिश्रधातू वापरतात.

येत्या १ जानेवारीला मुलांनी केलेला शिपाई घरात मांडा. शेजारी एका कागदावर स्तंभावरची नावे मुलांच्याच हाताने लिहून घ्या. मूर्ती उद्या फुटेल. हाताने लिहिलेले नाव पोरे विसरणार नाहीत.